टनामागे 400 रुपये

[दृश्य: चंद्रपूर, दुर्गापूरचा रस्ता. कोळशाने भरलेले हायवा एकामागून एक.]

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. इथली वीज पुण्यात लागते, मुंबईत लागते. राख आणि धूळ इथे राहते. दुर्गापूर, पद्मापूरच्या घरांत दम्याच्या औषधांवर होणारा खर्च कुठल्याच वीजबिलात धरलेला नसतो.

असा दुसऱ्याच्या माथी जाणारा खर्च, तो माथी मारणाऱ्याकडूनच करातून वसूल करावा, हा विचार केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी 1920 साली मांडला. कार्बन कर, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बनवरचा कर, त्यातूनच आला.

भारताने कार्बन कर या नावाने काही लावलं नाही. पण 2010 च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, आणला. देशातला कोळसा असो की आयात केलेला, टनामागे 50 रुपये. 2014 मध्ये त्याचे 100 झाले, पुढच्या वर्षी 200, आणि 2016 मध्ये 400.

[दृश्य: वॅगन रिकामी होतेय. पडद्यावर आकडे.]

टनभर कोळसा जाळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका युनिट विजेला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे 400 रुपये टनाचा उपकर युनिटमागे पडला 24 ते 28 पैसे. ही रक्कम लहान नाही. पण वीज केंद्राने ती दरात मिळवली, वितरण कंपनीने ग्राहकाच्या बिलात. कोळसा कमी जाळावा असं कारण या साखळीत फारसं कुणापुढे उभंच राहिलं नाही.

निदान जमलेला पैसा तरी कामी यायला हवा होता. 2010-11 ते 2017-18 या काळात या उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यासाठीच काढलेल्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले 30 हजार कोटींच्याही आत पोहोचले, आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे 16 हजार कोटी. हे आकडे सरकारचेच आहेत.

पुढे 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. टनामागचे 400 रुपये तसेच राहिले, पण ते आता जीएसटीमुळे राज्यांच्या महसुलात येणारी तूट भरून काढण्यासाठी. कोरोनाकाळात त्या भरपाईसाठी 2 लाख 69 हजार कोटींचं कर्ज काढावं लागलं, आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत वाढवली गेली. राज्यांना पैसा हवा होता, हे खरंच. तरी स्वच्छ हवेच्या नावाने सुरू झालेल्या वसुलीतला ठरावीक वाटा कोळसा निघतो त्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

22 सप्टेंबर 2025 ला हा उपकर गेला. कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 झाला. हिशोब करून पाहू. 1500 रुपये टनाच्या कोळशावर आधी 75 अधिक 400, म्हणजे 475 रुपये कर होता. आता 270. आणि 5000 रुपये टनाच्या कोळशावर आधी 650 होता, आता 900. स्वस्त, जास्त राखेचा, युनिटमागे जास्त जाळावा लागणारा कोळसा आणखी स्वस्त झाला. वीज कंपन्यांना यातून दिलासा मिळाला, पण कर आता कोळशाच्या किमतीवर बसतो; त्यातून निघणारा कार्बन किती, याच्याशी त्याचा संबंध उरलेला नाही.

[दृश्य: शेत, सौरपंप, भर दुपारी पाटाला पाणी.]

आता अनुदानाची बाजू. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकी अनुदान. रात्री बिबट्या-सापांच्या भीतीत पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी देता येणं, याची किंमत कुठल्या तक्त्यात मावणारी नाही. अडचण दुसरीकडे आहे. पंप बसला की पाणी उपसायला पुढे एक पैसाही लागत नाही, आणि विहिरीची पातळी खाली जाते.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पंप ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला जोडले, उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. उगाच पाणी उपसलं तर विजेचे पैसे बुडतात, म्हणून पाणी जपून वापरायला त्यांच्यापाशी रोकडं कारण आलं.

आपल्या योजनेतले पंप मात्र ग्रीडपासून सुटे आहेत. पंप बंद असला की पॅनलची वीज बहुतेक वेळा वाया जाते. ते जोडायला तारा, मीटर आणि वीजखरेदीचा करार लागतो. चंद्रपूरच्या कोळशावर वसूल झालेले टनामागचे 400 रुपये इथे लागायला हवे होते.