एकाच प्याल्यातून

श्रोतेहो, नमस्कार.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा सुरू आहे. येत्या गुरुवारी संध्याकाळी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रभुभोजनाचा विधी होईल. वसईकडचे आमचे कॅथलिक बांधव त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतात, आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट प्रभुभोजन म्हणतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सणाच्या, जेवणाला बसला. त्याने भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि सांगितलं, "माझ्या स्मरणार्थ हे करा." त्या जेवणाबद्दल लोक मला बरंच काही विचारतात. घरातली मुलं विचारतात, शेजारीपाजारी विचारतात. त्यातल्या काही गोष्टी आज बोलते.

पहिला प्रश्न नेहमी घरातूनच येतो : "आजी आज का घेत नाही?" माझ्या लहानपणी हा प्रश्न मीही विचारला होता. आजीचं आणि तिच्या धाकट्या जावेचं शेताच्या बांधावरून वाजलं होतं. भाकरीचं ताट ओळीतून फिरत आलं, की आजी ते पुढच्या माणसाकडे सरकवायची आणि मान खाली घालून बसायची. "भांडण घेऊन मेजाजवळ जायचं नसतं," एवढंच ती म्हणायची. मेज म्हणजे प्रभुभोजनाचं टेबल. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, त्याच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना. अशाच एका शनिवारी उपासना सुटल्यावर ती तडक जावेच्या ओट्यावर जाऊन बसली. बांधाचा निकाल त्या दिवशी लागला नाही, तो पुढे कधीतरी लागला. पण दुसऱ्या दिवशी दोघींनी भाकर घेतली. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. आजीला ते वचन पाठ होतं.

पण याच विचाराची दुसरी बाजू मला सलते. "मी लायक नाही" म्हणून वर्षानुवर्षं दूर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. अयोग्य रीतीने जो भाकर खाईल तो दोषी ठरेल, या प्रेषित पौलाच्या, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या वाक्याची त्यांना धास्ती असते. तो अध्याय वरपासून वाचा, असं मी त्यांना सांगते. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन खाऊनपिऊन घेत होते आणि कष्टकरी उशिरा आले की उपाशी राहत होते. पौल संतापला तो यावर. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असा त्याचा सवाल आहे. म्हणजे त्या पत्रातली अयोग्य रीत पंगतीतल्या भेदाची आहे. एखाद्या थकलेल्या बाईला मनात शंका आली, एवढ्यावरून तिने दूर राहावं असं पौलाने कुठेही म्हटलेलं नाही.

हा भेद आपल्या देशात जातीच्या रूपाने थेट मेजापर्यंत आला. तंजावरकडच्या जुन्या मंडळ्यांमध्ये वरच्या जातींतून आलेले ख्रिस्ती वेगळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. काही ठिकाणी तर प्यालेही दोन होते. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून हे बंद करायला सांगितलं, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी मंडळी सोडली. बाप्तिस्मा त्यांना चालत होता, एक प्याला चालत नव्हता.

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. मंडळीत बहुसंख्य लोक महार समाजातले. तिथे १८३९ साली हरिपंत खिस्ती या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या काळात सावलीचा विटाळ होत होता, त्या काळात हा माणूस त्याच मंडळीच्या मेजाजवळ गेला, आणि १८५४ साली तिथलाच पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला. लक्ष्मीबाई टिळकांचंही पाहा. सोवळंओवळं त्यांनी आधी सोडलं, बाप्तिस्मा त्यानंतर १९०० साली घेतला. महाराष्ट्रात प्रभुभोजनाची खरी परीक्षा तिथे होती, असं मला वाटतं. शेजारच्या माणसाच्या ओठाला लागलेला प्याला तुम्ही हातात घेता की नाही?

म्हणूनच आजच्या छोट्या पेल्यांबद्दल माझं मन थोडं हळहळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत क्षय आणि घटसर्प यांच्या भीतीने प्रत्येकाला वेगळा पेला द्यायची चाल पडली, आणि ती इकडेही आली. कोरोनानंतर तर तिला कोणी नाव ठेवू शकत नाही. आजाऱ्याला जपायलाच हवं, हे मलाही मान्य आहे. निदान सगळ्यांनी पेले हातात घेऊन थांबावं आणि एकदम प्यावं. काही मंडळ्या तसं करतात, ते मला फार आवडतं.

"त्यात दारू असते का?" हाही प्रश्न येतो. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, द्राक्षांची खरी वाइन लागते आणि तिच्यात थोडं पाणी मिसळतात. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा झाला, तेव्हाही धार्मिक विधीच्या वाइनसाठी परवानगीची सोय त्यात ठेवली होती. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी साधा द्राक्षाचा रस असतो. थॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ साली रस तापवून, तो न आंबता टिकवण्याची युक्ती काढली ती याच विधीसाठी.

आता पाहुण्यांचं. लग्नाच्या मिस्सेला आलेले हिंदू, मुसलमान मित्र इतरांबरोबर रांगेत उभे राहतात आणि पुढे गेल्यावर गोंधळतात. कॅथलिक चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेल्यांनाच तो मिळतो. आमच्याकडे बहुधा दृढीकरण झालेल्यांना, म्हणजे ज्यांनी स्वतः मंडळीपुढे विश्वास कबूल केला आहे त्यांना. तुम्ही जागेवर बसून राहिलात तर कुणाचाही अपमान होत नाही. आणि यजमानांनो, हे पाहुण्याला आधीच प्रेमाने सांगून ठेवा. भर रांगेत अडवलं गेल्यावर माणसाला काय वाटतं, ते पौलाच्या त्या पत्रात आहेच.

शेवटचं, घरात पडून असलेल्यांविषयी. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलं आहे, की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकर पोहोचवत. ही सेवा आजही मिळते, पण मागायला लोक संकोचतात. संकोचू नका. पाळकांना किंवा फादरांना गुरुवारच्या आत निरोप द्या. खाटेशेजारी एक छोटं मेज आणि त्यावर धुतलेलं पांढरं कापड ठेवा. आजाऱ्याला गिळायला त्रास होत असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे अगदी लहान तुकडा देता येतो. आणि मंडळीतलं कुणी शेजारी राहत असेल, तर त्यालाही त्या वेळी घरी बोलवा.

नमस्कार.