डी. सी. फोंटाना : स्पॉकच्या घरचं लिहिणारी लेखिका

'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजावरच्या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्याच वर्षी एक संहिता अडली होती. लेखक जेरी सोल. एका ग्रहावरच्या वनस्पतीचे बीजाणू माणसाला सुखी, बेफिकीर करून टाकतात आणि त्या गुंगीत जहाजाचा चालक सुलू प्रेमात पडतो. निर्माते जीन रॉडेनबेरींनी ती पुनर्लेखनाला दिली डोरोथी फोंटाना यांच्याकडे, म्हणजे आपल्याच सेक्रेटरीकडे.

फोंटाना नवख्या नव्हत्या. १९६० साली, वयाच्या २१व्या वर्षी, त्यांनी 'द टॉल मॅन' या वेस्टर्न मालिकेला पहिली कथा विकली होती. बाईनं लिहिलंय म्हणून संहिता बाजूला पडू नये, यासाठी त्या डी. सी. ही आद्याक्षरं लावत.

त्यांनी नेमके दोन दोष पकडले. बीजाणू फक्त एका गुहेत होते. मग गुहेत गेलंच नाही की धोका संपला! फोंटानांनी ते सगळीकडे पसरवले. दुसरं, सुलू प्रेमात पडला तर बिघडतं कुणाचं? तिथे त्यांनी स्पॉकला आणलं, म्हणजे जहाजावरच्या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याला. भावना दाबून जगणाऱ्या माणसाला प्रेम मिळतं आणि शुद्धीवर आल्यावर ते सोडावं लागतं.

या कामावर त्या स्टोरी एडिटर झाल्या. दुसऱ्यांच्या संहिता दुरुस्त करायच्या, पात्रांचा स्वभाव भागागणिक बदलू द्यायचा नाही. भाग साधारण ५० मिनिटांचा, टीझर (सुरुवातीचा छोटा प्रसंग) आणि चार अंक. अंक संपला की जाहिरात, म्हणून तिथे पेच हवाच. पैसे बेताचे, त्यामुळे जहाजाच्या तयार सेटवर घडणारी कथा सोन्यासारखी.

'जर्नी टू बेबल' (१९६७) तशीच, बहुतेक जहाजावरच घडते. आई शिक्षिका, वडील राजदूत, असं स्पॉक त्या बीजाणूंच्या भागात ओझरतं बोलून गेला होता. फोंटानांनी त्या दोघांना आता जहाजावर आणलं. बापलेकात १८ वर्षांचा दुरावा. वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायची, तर रक्त स्पॉकनंच द्यायला हवं. तेवढ्यात कॅप्टन कर्कवर सुरीहल्ला होतो. मागे अनोळखी जहाज लागलेलं, सूत्रं स्पॉककडे. तो जागा सोडत नाही. आई थोबाडीत मारते. मग जखमी कर्क बरा झाल्याचं सोंग करून खुर्चीत बसतो. स्पॉक गेला की जहाजाचा इंजिनियर स्कॉटीवर सोपवून आपण परतायचं, हा त्याचा बेत. पण हल्ला होतो आणि त्याला उठताच येत नाही. एक गाठ सोडवताना दुसरी बसते, आणि एकही गाठ यंत्र बिघडल्यामुळे पडलेली नाही. विज्ञानकथेत हे फार अवघड असतं.

दुसऱ्या सीझननंतर फोंटानांनी स्टोरी एडिटरचं पद सोडलं. १९७३ च्या ॲनिमेटेड 'स्टार ट्रेक' मालिकेत मात्र स्टोरी एडिटर पुन्हा त्याच होत्या. तिथे सेटचा खर्च नव्हता, म्हणून 'यस्टरइयर' या भागात त्यांनी स्पॉकचं बालपणीचं शहरच उभं केलं. त्यातला ७ वर्षांचा स्पॉक आपल्या लाडक्या जनावराला वेदनेत जगवण्याऐवजी शांत मरण देतो. शनिवारी सकाळी मुलांसाठी लागणाऱ्या कार्टूनमध्ये फोंटानांनी हा निर्णय त्या मुलालाच घ्यायला लावला.