कपाटातला चार्जरचा डबा | ई-कचरा आणि आपल्या घरातल्या तीन पिढ्या

नमस्कार मंडळी! आज आधी हा डबा बघा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आमच्या आजीच्या कपाटातला, दर दिवाळीच्या साफसफाईला बाहेर निघतो, सगळे एकदा झाकण उघडून बघतात आणि परत आत जातो. यावेळी मी तो सरळ फरशीवर ओतला. बटणांचे तीन फोन, बारीक पिनचे चार्जर, दोन रिमोट, आणि बाबांचा पहिला स्मार्टफोन, ज्याचं मागचं झाकण उचललं गेलंय कारण आतली बॅटरी फुलक्यासारखी टम्म फुगलीये. आणि हे साड्यांच्या शेजारी होतं हो, किती वर्षं कोण जाणे!

आजी म्हणते, "राहू दे गं, लागतं कधीतरी." तिचं मला पटतं पण, कारण तिने रेडिओ काय, मिक्सर काय, इस्त्री काय, दोन-दोनदा दुरुस्त करून वापरलंय. बाबा म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाकू. आणि माझा भाऊ, ज्याने शाळेत ई-कचऱ्यावर प्रोजेक्ट केला होता, त्याने परवा बंद पडलेले इअरबड्स सुक्या कचऱ्यात टाकले, म्हणे एवढंसं तर आहे. एवढंसंच आहे, पण आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते, आणि तिथे हाताने काम करणारी माणसं असतात.

2022 मध्ये जगभरात साधारण 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला फक्त 22.3 टक्के. मग बाकीचा? त्यातला काही आपल्या डब्यांमध्ये पडून असतो, काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी जातो, जिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, आणि तो धूर त्याच गल्लीतली पोरं घेतात छातीत. मी भंगारवाल्याला दोष देत नाहीये, तो पोट भरतोय. प्रश्न त्याच्यापुढे ती वस्तू कुठे जाते हा आहे.

आणि यात माल आहे बरं का! टोकियो ऑलिंपिकची सुमारे 5,000 पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधल्या धातूंपासून बनवली, त्यात 62 लाखांच्या आसपास मोबाइल होते, सोनंच निघालं 32 किलो.

मग करायचं काय? फोन चालू असेल तर लवकर कुणाला तरी वापरायला द्या, कारण डब्यात पाच वर्षं ठेवलेला फोन कुणाच्याच कामाचा राहत नाही. देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, अकाउंटमधून लॉगआउट करा, मग रीसेट, सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबून बसवायची तर अजिबात नाही, वेगळी ठेवा आणि देताना तसं सांगा. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, त्यात रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीये, त्यामुळे कंपनीच्या वेबसाइटवर कलेक्शन सेंटर शोधा, कस्टमर केअरला फोन करून विचारा, हक्काने विचारा. आमच्या पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताई ई-कचरा वेगळा घेतात. दुसरं कुणी न्यायला आलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जाणार का, एवढं नक्की विचारा.

आता डब्यातली एक गोष्ट राहिली. त्या तीन फोनांपैकी एक आजोबांचा. आजी द्यायला तयारच नव्हती. डब्यातल्याच चार्जरने तो लावला तर चालू झाला की! नंबरांच्या यादीत "दूध", "गॅस", "डॉक्टर दात" आणि सगळ्यात वर, आधी अ लिहून, "अ घर". आजी बराच वेळ ते बटण खाली-वर करत बसली होती. मग बाकीचं सगळं तिनेच उचलून पिशवीत भरलं, फुगलेला फोन वेगळ्या डब्यात ठेवायला लावला, आणि आजोबांचा फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. पिशवी दाराशी आहे, रविवारी मी आणि भाऊ देऊन येतोय.