मुंबई–न्यूयॉर्क आणि कपाटातला पृथ्वीगोल

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘दोन शहरांमधलं हवाई अंतर कसं काढावं?’ काढू. पण आधी भिंतीवरच्या नकाशाबद्दल बोलतो, कारण त्याच्यावर माझा जुना राग आहे.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हात वर करा. अरे बापरे! खाली राहिलेले हात मोजणं सोपं पडेल. तर तुम्ही सीटसमोरच्या पडद्यावर पाहिलं असेल: न्यूयॉर्क पश्चिमेला, आणि मुंबईहून सुटलेलं विमान आपलं उत्तरेला सरकतंय. शेजारच्या आजी हळूच विचारतात, ‘हे रशियाला कशाला निघालंय हो?’

आजींची काही चूक नाही. मर्केटरनं 1569 साली नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर ती वाट कागदावर सरळ दिसावी, एवढीच अट. त्यापायी ध्रुवांकडचे प्रदेश फुगले. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट. हा खलाशांचा नकाशा आपण वर्गात टांगला आणि पृथ्वीगोल कपाटात घातला. कुलूप लावून! मी शिकवायचो त्या शाळेत त्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होती. किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला. तपासणीला साहेब आले की गोल बाहेर यायचा, पुसला जायचा, साहेब एकदा गर्रकन फिरवायचे, की परत आत. मुलांना द्या म्हटलं तर, ‘स्टँड मोडेल, सर.’ अहो, मोडू दे! त्यावर दोरा ताणून बघितल्याशिवाय पोराला कळणार कसं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणा. तो 64 अंश उत्तरेच्याही वर चढून मग खाली उतरतो. हे बृहद्‌वृत्त, सर्वांत जवळची वाट. आता सूत्र, भराभर लिहून घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. त्यात मिळवा दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. येईल तो अंतराच्या कोनाचा, म्हणजे दोन शहरांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. मुंबई 19 उत्तर, 73 पूर्व, न्यूयॉर्क 40.6 उत्तर, 73.8 पश्चिम. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज: जवळजवळ 147. हा 90 च्या वर, तेव्हा कोसाइन ऋण. इथंच निम्मा वर्ग घसरतो. कोन येतो 113 अंश. अंशाला 111 किलोमीटर, म्हणजे सुमारे 12,500. मर्केटरच्या सरळ रेषेनं गेलात तर 14,200!

विमान मात्र दोऱ्यावरूनही नेमकं जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं, की पडला वळसा. आणि वारा! 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. 13,900 चे 15,300 किलोमीटर झाले, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळं ते साडेचौदा तासांत, आधीपेक्षा लवकर पोचलं. तेव्हा तासांवरून किलोमीटर सांगणाऱ्या जावयाला आधी विचारा, कोणत्या बाजूनं आलात?