भाड्यातून हप्ता जातो का?

श्रोतेहो, नमस्कार.

"दुसरा फ्लॅट घेऊन टाक, भाड्यातून हप्ता जाईल." लग्नाकार्यात, ऑफिसच्या डब्यावर हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्या भरवशावर सही करू नका, हे सांगायला मी आज आलो आहे.

पुण्याजवळच्या वाकडमधला ६० लाखांचा तयार वन बीएचके धरू. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेलं आहे, म्हणून जीएसटी नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. बाकीचे १२ लाख आपले. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४ लाख २० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे दोन्ही बँक घराच्या किमतीत धरत नाही. थोडक्यात, कुलूप उघडायच्या आधीच साडेसोळा लाख घरातून गेलेले असतात. खरेदी बाईमाणसाच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, तेव्हा हे घरात आधीच बोलून घ्या.

आता हप्ता. साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं: महिन्याला साधारण ४१,६५०. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार नुसतं व्याज! भाडं २० हजार आलं, तरी जवळजवळ २२ हजार दर महिन्याला पगारातून घालायचे. मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळीच. आणि भाड्यापेक्षा व्याज जास्त गेल्यामुळे होणारा या घराचा तोटा नव्या आयकर प्रणालीत पगारातून वजा करता येत नाही.

माझ्या फ्लॅटला पहिले तीन महिने भाडेकरूच मिळाला नव्हता. पाच तारखेला हप्ता मात्र न चुकता कापला जायचा. तिसऱ्या महिन्यात बायकोने तिची आरडी मोडली. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. म्हणून सांगतो, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय टोकनही देऊ नका.

भाडेकरू ठेवलात की सोसायटी ना-वापर शुल्क मागेल, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं शुल्क. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ पासून सरकारचा तसा आदेश आहे. भाडेकराराची नोंदणी करा, अकरा महिन्यांचा असला तरी. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल, तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प पाहा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

कागद वकिलाला दाखवालच. पण इमारत स्वतः पाहा, तीही रात्री नऊला. किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. निम्म्या काळोख्या असतील तर तिथे आधीच पुष्कळ मालक भाडेकरूची वाट बघत बसलेले असू शकतात. मग एप्रिल-मेमध्ये सकाळी पुन्हा जा आणि वॉचमनला विचारा, "दादा, दिवसाला टँकर किती येतात?"