मोडीत न गेलेली चांदी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सराफ बाजारात जुना दागिना घेऊन गेलेल्या माणसाला पेढीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मोडायचाय की बदलायचाय?" पंचवीसएक वर्षांपूर्वी आजीचे चांदीचे तोडे घेऊन मी अशाच एका पेढीची पायरी चढलो होतो. सराफाने तोडा उलटसुलट करून पाहिला, कानशीने त्याची कड जराशी घासली, आतली चांदी निरखली आणि दोन्ही नग काट्यावर टाकले. घट वजा जाऊन आकडा कळला. तोड्याच्या दोन्ही टोकांना कोणा अनाम कारागिराने कोरलेली मगरीची तोंडे होती, त्यांच्या डोळ्यांच्या जागी मोहरीएवढे खळगे होते आणि आजीच्या चालण्याने त्यांतली एक बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. पण यातले काहीच हिशेबात आले नाही, कारण नव्या दागिन्याला घडणावळ लागते आणि जुना मोडताना ती शून्य धरतात. मी पैसे मोजून घेतले आणि निघालो.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण मिलिसेंट रॉजर्स ही अमेरिकन बाई. ती दागिने आखणारी होती, उंची वस्त्रांची संग्राहक होती, आणि तिच्या वर्तुळातल्या लोकांच्या मते चांगलीच तऱ्हेवाईक होती.

तिचा जन्म १९०२ सालचा. आजोबा हेन्री रॉजर्स हे रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतले बडे भागीदार. कर्जात बुडालेल्या मार्क ट्वेन या लेखकाला पैशाच्या व्यवहारात सावरून धरणारे हेच गृहस्थ. म्हणजे पैशाची ददात नव्हती. नव्हते ते आरोग्य. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदय कायमचे दुबळे झाले आणि ही मुलगी फार जगणार नाही असे घरच्यांना सांगण्यात आले. पुढे एका हातातले बळही कमी झाले. ज्या देहाला हलकेच वागवायचे, त्याच देहावर या बाईने जन्मभर जड दागिने चढवले. छायाचित्रांत तिच्या मनगटापासून कोपराकडे चढत गेलेली कडी पाहिली, की पेठ-सुरगाण्याच्या बाजूने पूर्वी बाजाराला येणाऱ्या, दंडात वाकी आणि पायात वाळे घातलेल्या म्हाताऱ्या आठवल्यावाचून राहत नाहीत.

तिची तीन लग्ने झाली आणि तिन्ही मोडली. त्या काळच्या वर्तमानपत्रांना त्यात फार रस होता, आपल्याला असण्याचे कारण नाही. तिच्या कपड्यांची गोष्ट मात्र ऐकण्याजोगी आहे. १९३०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या डोंगरी भागात राहताना ती तिथल्या शेतकरी बायकांचा पेहराव करी आणि त्याच्यासोबत पॅरिसच्या स्कियापरेली या नामांकित बाईंनी बेतलेले कपडे बेधडक घाली. आपल्याकडे कोणी भारी पैठणीवर घोंगडी पांघरून लग्नाला जावे, तसाच हा प्रकार. चार्ल्स जेम्स हा अवघड शिवणीचा, म्हणजे कापडाची जणू इमारत उभारणारा कलावंत. त्याची ती आवडती गिऱ्हाईक. या पोशाखांचे तिने काय केले? जुने झाले म्हणून वाटून टाकले नाहीत. १९४८ साली ब्रुकलिन संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले आणि पाठोपाठ तिने ते संग्रहालयाला देऊन टाकले. अंगावरून उतरलेले कपडे संग्रहालयाला देणे हे त्या काळी बऱ्याच जणांना चमत्कारिक वाटले असेल. कापड, कात्री आणि टाका यांतली अक्कल पुढच्या माणसाला पाहायला मिळावी, एवढाच तिचा हिशेब दिसतो.

१९४७ साली ती न्यू मेक्सिको राज्यातल्या ताओस या छोट्या गावी आली. हॉलिवूडचा नट क्लार्क गेबल याच्याशी जुळलेले सूत नुकतेच तुटले होते, प्रकृती ढासळली होती. तिथे मातीच्या घरात तिने बिऱ्हाड मांडले, मखमली पोलकी आणि घेरदार घागरे घालू लागली आणि आसपासच्या नाव्हाहो व प्यूब्लो आदिवासींची चांदी जमवू लागली.

ही चांदी कशी घडते ते जरा सविस्तर सांगतो. नाव्हाहो लोक चांदीकाम शिकले ते एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकन कारागिरांकडून. कच्चा माल म्हणजे नाणी. चांदीची नाणी मुशीत वितळवायची, साच्यात ओतायची, ऐरणीवर ठोकून पत्रा करायचा, त्यावर ठसे उठवायचे आणि मधोमध आकाशी-हिरवा पिरोजा बसवायचा. आपल्याकडच्या डोंगरी पाड्यांवर राणीछाप रुपयांना कडी लावून त्यांची माळ गळ्यात घालत. तिकडे नाणे वितळवले, इकडे तसेच ओवले, पण घरातली शिल्लक अंगावर बाळगायची रीत एकच. त्यांच्या गळसरीच्या तळाशी 'नाहा' नावाची चंद्रकोर असते. ती स्पॅनिश लोकांच्या घोड्यांच्या लगामावरून आली आणि स्पॅनिशांकडे ती आली उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांकडून.

आणि ही चांदी गहाण पडे. लोकर विकायचा किंवा कोकरांचा हंगाम येईपर्यंत पीठ, साखर, कॉफी उधार हवी, तर नाव्हाहो माणूस गोऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानात कडे ठेवून येई आणि सणासमारंभाला सोडवून नेई. मुदत टळली की कडे बुडाले. त्याला तिकडे 'मेलेले गहाण' असेच म्हणतात. मिलिसेंटबाईंसारख्या संग्राहकांच्या काळात बाजारात येणाऱ्या जुन्या चांदीत असे बुडालेले नग पुष्कळ असत. तेव्हा तिच्या रसिकतेचे कौतुक करताना हेही म्हटले पाहिजे, की कोणाच्या तरी अडचणीच्या वर्षाशिवाय तो दागिना तिच्यापर्यंत पोहोचला नसता. तेलाच्या पैशाने गरिबाची चांदी विकत घेणारी बाई, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. फक्त एवढे सांगेन, की तिने ती चांदी मोडली नाही, आणि १९५१ साली मित्रांसह वकील लावून ती आदिवासींच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनपर्यंत गेली.

तिने स्वतः आखलेले दागिने याच सहवासातून पुढे गेले. पॅरिसच्या नाजूक जडावकामाची ऐट त्यांत नाही; ते सोन्याचांदीचे ठसठशीत, वजनदार घाट आहेत. मला स्वतःला त्यातले काही बोजड वाटतात. पण हातात धरले तर कळेल असे काहीतरी करायची तिची धडपड होती, चारचौघांत दुरून चमकावे अशी नव्हती, हे चित्रांवरूनही ध्यानात येते.

१ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती गेली आणि ताओसमध्येच तिचे दफन झाले. १९५६ साली मुलाने तिच्या नावाचे संग्रहालय काढले. तिथे त्या अनाम कारागिरांची कडी आणि मालकिणीने आखलेले दागिने एकाच छपराखाली मांडलेले आहेत, आणि पाहणाऱ्याला ते हातात धरून तोलता येत नसले तरी जवळून निरखता येतात.

आजीच्या तोड्यांचे छायाचित्र आमच्याकडे नाही. पेढीने दिलेली पावती तेवढी एका जुन्या वहीत सापडली. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते: चांदी मोड, नग दोन.

नमस्कार.