रंग उतरायच्या आधी

(काळा पडदा. फक्त आवाज. लाउडस्पीकरची खरखर, लांबून तबला, कुणीतरी माइक तपासतंय.)

रात्रीचे साडेनऊ. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडस्याच्या पुढचं एक गाव. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये कनाती ताणल्या आहेत, आणि कनातीच्या मागच्या बाजूला, पिवळ्या बल्बखाली, एक आरसा.

(दृश्य : आरसा. पाठमोरा माणूस. रंगपेटी उघडते.)

आरशासमोर बसलाय तो आपला नट. नागपूरचा. त्याचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. चेहरा येईल, पण रंग चढल्यावर. ही त्याची अट. दुसरी अट अशी की, तो जिथे उपचार घेतो तिथे कॅमेरा न्यायचा नाही. दोन्ही अटी आम्ही मान्य केल्या. ग्रुपमधली पोरं त्याला दादा म्हणतात. आपणही दादाच म्हणू.

(दृश्य : हात. खोबरेल तेलाची डबी.)

आधी तेलाचा हलका हात. मग रंग सुटताना त्रास देत नाही. त्यावर रंगाची कांडी, कपाळावर तीन रेघा, गालांवर दोन-दोन, हनुवटीवर एक. नंतर ओल्या स्पंजने ते सगळं एकजीव. कानाच्या मागे आणि मानेवर रंग न्यायचा नवखे विसरतात. दादा तिथूनच सुरुवात करतो. पावडर. मग भुवया, कारण आज तो गावचा पाटील आहे आणि पाटील दुष्ट आहे. मिशी शेवटी. ओठाच्या वर स्पिरिट गम लावून तो अर्धा मिनिट बोटाने टिचक्या मारतो. गम चिकट झाल्याशिवाय मिशी बसवली तर दुसऱ्या अंकात, ऐन धमकी देताना, ती लोंबायला लागते. असं त्याच्यासोबत एकदा झालंय. तंबू दहा मिनिटं हसत होता म्हणे.

(दृश्य : आरशात पहिल्यांदा पूर्ण चेहरा.)

हा दादा.

(शीर्षक.)

झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतला झाडीचा, तळ्यांचा आणि धानाचा पट्टा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम उघडतो. तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवला की संपतं. यात गाणी आहेत, लावणी आहे, रडारड आहे, आणि प्रॉम्प्टर आहे, कारण तालमी कमी आणि नाटकं फार. मुळं दंडार आणि खडी गंमत या लोककलांमध्ये. कंपन्यांची कार्यालयं वडसा म्हणजे देसाईगंजात. २०२३ साली या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. वाईट वाटलं.

(दृश्य : फुटलेल्या काचेचा जुना मोबाइल. त्यावर एकामागून एक क्लिप.)

दादा सहा वर्षं मुंबईत होता. तिथलं आमच्याकडे काहीच चित्रण नाही. आहे तो हा मोबाइल. सहा वर्षांच्या ऑडिशन यात आहेत. चेहरा आम्ही झाकला आहे आणि नावाच्या जागी शिट्टी टाकली आहे.

(क्लिप : "नाव... उंची पाच फूट आठ. वय सव्वीस. लेफ्ट प्रोफाइल. राइट प्रोफाइल. हात.")

वर्सोव्याच्या आराम नगरात अशा ओळी दिवसभर ऐकू येतात. नाव, उंची, वय, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढे. मग काम जमलंच, तर बारा तासांची शिफ्ट आणि पैसे नव्वद दिवसांनी. घरभाडं मात्र महिन्याच्या महिन्याला.

(क्लिप : "वय सव्वीस.")

ही पुढच्या वर्षीची.

(क्लिप : "वय सव्वीस.")

ही त्याच्याही पुढच्या वर्षीची.

वय वाढलेलं नाही, पण आवाज ऐका. पहिल्या क्लिपमध्ये वाक्य शेवटाकडे वर जातं, नागपूरच्या महाल भागातल्या माणसाचं जातं तसं. चौथ्या वर्षी ते सपाट झालंय. 'न' आणि 'ण' जागेवर आलेत. कुणीतरी सांगितलं होतं, भाषा साफ कर. आणि गंमत अशी की, भाषा साफ झाल्यावर काम आलं ते वॉचमनचं, आणि सेटवर सांगितलं गेलं, "तुम्ही तिकडचे ना? मग वऱ्हाडीत बोला. जरा मजेशीर."

नागपूरचा माणूस नागपुरी बोलतो. वऱ्हाड सुरू होतं पश्चिमेकडे, अमरावती-अकोल्याच्या बाजूला. हा फरक मालिकेच्या संहितेत बसत नाही. तिथे सगळा विदर्भ एकाच हेलात बोलतो, आणि विनोदापुरताच बोलतो. दादाने सव्वा वर्ष तो वॉचमन केला. रोज एक वाक्य, कधी दोन.

(क्लिप : शेवटची. "नाव..." आणि पुढे काहीच नाही.)

ही शेवटची. आम्ही ती कापलेली नाही.

(अकरा सेकंद. मूळ आवाज, पंख्याची घरघर. निवेदन नाही.)

फेब्रुवारी २०१९मध्ये नागपुरात, रेशीमबागेत, ९९वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरलं. अध्यक्ष प्रेमानंद गज्वी. दादा चार दिवसांची सुट्टी सांगून विदर्भ एक्स्प्रेसने आला. परतीचं तिकीट खिशातच राहिलं.

त्यानंतरचं थोडक्यात. झोप गेली, वजन अकरा किलो उतरलं, ठरलेलं लग्न मोडलं, सात महिने तो घराबाहेर पडला नाही. डॉक्टरांनी नैराश्य असं निदान केलं, गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत त्याने त्या फेकून दिल्या नाहीत.

(दृश्य : चालत्या ऑटोतून छिंदवाडा रोड. झाडं, लांब भिंत.)

ही भिंत प्रादेशिक मनोरुग्णालयाची. १८६४ सालापासूनचं. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे, अशी राज्यात चार. नागपुरात ऑटोवाल्याला रुग्णालयाचं नाव सांगितलं तर तो क्षणभर विचार करतो. 'पागलखाना चौक' म्हटलं की लगेच मीटर. दादाचे उपचार इथले नाहीत. पण लहानपणी अभ्यास केला नाही की त्यालाही, आम्हालाही, हीच धमकी मिळायची. पाठ्यपुस्तक न उघडणाऱ्या प्रत्येक नागपुरी मुलाला ही भिंत ठाऊक आहे. त्या धमकीत वाढलेला माणूस तिशीत डॉक्टरांच्या दारात उभा राहायला किती वेळ घेईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पडद्यावर क्रमांक येतोय, १४४१६. टेली-मानस, सरकारी, मोफत, मराठीतही बोलता येतं. २०१७च्या कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा मिळायला हवा. नटांकडे बहुधा विमाच नसतो. पुढे जाऊ.

(दृश्य : महाल. संध्याकाळ. शाळेचा हॉल, रचून ठेवलेले बाक. पोरं चपला बाहेर काढतायत.)

आणि आता ज्यासाठी ही फिल्म केली ते.

महालातल्या एका शाळेचा हा हॉल. रोज संध्याकाळी सात ते नऊ. नवाला पाच मिनिटं कमी असताना चौकीदार किल्ल्या वाजवतो. राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी ग्रुपचं नाटक इथे बसतंय. घरातून बाहेर न पडणाऱ्या दादाला एका जुन्या मित्राने पहिल्यांदा इथे आणलं, तेही नट म्हणून नव्हे. प्रॉम्प्टिंगला माणूस नव्हता.

(दृश्य : वही. बोट ओळीवरून सरकतंय.)

प्रॉम्प्टरला कुणी बघत नाही. त्याने फक्त ओळीवर बोट ठेवायचं आणि समोरचा अडखळला तर पहिले दोन शब्द सोडायचे. तीन नाही, दोनच. तीन सोडले तर नटाला अपमान वाटतो. दादाने दोन महिने एवढंच केलं. रोज सातला यायचं हा घड्याळाचा खुंटा त्या दोन महिन्यांत रोवला गेला.

(दृश्य : पोरं गोल करून उभी. दादा मध्ये, पाठमोरा.)

आता तो तालीम घेतो. ही त्याची पद्धत बघा, कारण असं करताना आम्ही दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. संहिता हातात द्यायच्या आधी प्रसंग सांगतो. म्हणतो, "आता हे तू तुया घरी कसं बोलशील, तसं बोल." ही मुलगी उमरेडची आहे. आईशी भांडते तशी बोलते.

(दृश्य : मुलगी. मूळ आवाज : "मी काऊन जाऊ? नाई जात मी. करून राहिली न सगळं!")

दोन-तीन वेळा असंच. मग तो कागद देतो. कागदावर प्रमाण मराठी आहे. आता ऐका.

(मूळ आवाज : "मी का जाऊ? नाही जाणार. सगळं मीच करत आले ना आजवर.")

शब्द बदलले, राग तोच राहिला. दादाच्या मते बहुतेक नट उलटं करतात. आधी भाषा साफ करतात आणि मग त्यात राग ओतायला बसतात. स्वतःबद्दल तो एवढंच म्हणाला : "मी सहा वर्षं तेच करून राहिलो होतो." मग लगेच ओरडला, "चला बे, उभी तालीम!"

वाचन, उभी तालीम, रंगीत तालीम. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांच्या रंजन कला मंदिरापासून या शहराला ही शिस्त माहीत आहे. झाशी राणी चौकात धनवटे रंगमंदिर होतं तेव्हा तिथल्या तिसऱ्या घंटेला बर्डीतले लोक घड्याळ लावायचे असं जुने लोक सांगतात. अतिशयोक्ती असेल, पण सुंदर आहे. आता तिथे संकुल आहे. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, जवळपास दोन हजार खुर्च्यांचं. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे, लक्ष्मीनगरात सायंटिफिक आहे. प्रयोग करायला जागा आहेत. तालमीला? शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची गच्ची, कुणाच्या तरी वडिलांचं बंद गोडाऊन. लग्नसराईत गच्ची जाते, परीक्षेत शाळा जाते. मार्च २०२०मध्ये तर सगळंच गेलं, तेव्हा या पोरांनी अंबाझरीच्या काठावर अंतर ठेवून पाठांतर केलं. पोलिसांनी दोनदा हाकललं. एका माणसाला उभं करायला लागलेली जागा किती, तर तीस बाय वीसचा हॉल, दोन ट्यूबलाइट आणि दोन तास. महापालिकेला ती प्रत्येक झोनमध्ये देता येऊ नये?

पोटासाठी दादा शाळांची स्नेहसंमेलनं बसवतो, जाहिरातींना आवाज देतो. आणि हंगामात झाडीपट्टी.

(दृश्य : मारबतीची मिरवणूक. गर्दी, धूळ, ढोल. वरून, गच्चीतून घेतलेलं.)

पोळ्याचा दुसरा दिवस. तान्हा पोळा. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघाली आहे, काळी पुढे तिला भेटेल. मागे बडगे, म्हणजे चालू प्रश्नांचे पुतळे. यंदा महागाईचा आहे, रस्त्यातल्या खड्ड्यांचा आहे. शंभराहून जास्त वर्षं हे शहर वर्षभराची रोगराई या पुतळ्यांवर लादतं आणि वेशीबाहेर नेऊन जाळतं. कागद, बांबू, रंग. जवळून बघा, नाकाचा उठाव किती बारीक केलाय. रंगभूषाकाराचंच काम आहे हे.

ही दादाची आई. तिने आमच्याशी बोलायला नकार दिला, चहा मात्र तीनदा दिला. गच्चीत उभं राहून ती काय ओरडते ते ऐका.

(मूळ आवाज : "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आई. पुन्हा. पुन्हा.)

(दृश्य : आईचा हात, शेजारच्या कुणाच्या तरी मनगटावर. तो कोण ते दिसत नाही.)

(दृश्य : रस्ता. उमरेड, भिवापूर. अंगणात वाळत घातलेली लाल मिरची.)

नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये नऊ माणसं, एक तबला आणि मागच्या सीटवर तलवारी. डॉक्टरांचं म्हणणं आहे की झोप वेळेवर हवी, आणि झाडीपट्टी तर रात्रभर जागवते. यावर त्यांची खडाजंगी झाली. तोडगा निघाला तो असा : आठवड्यात दोनच रात्री, दुसऱ्या दिवशी पूर्ण आराम. कंपनीच्या मालकाला हे पटलं नव्हतं. मग त्याने दादाचा पाटील पाहिला.

(दृश्य : रंगमंच. पाटील प्रवेश करतो. तंबू भरलेला, बायका पुढे, पोरं आईच्या मांडीवर झोपलेली.)

इथे भाषा साफ कर म्हणणारं कुणी नाही. दादाचा पाटील नागपुरीतच दरडावतो. पहिल्या अंकात तो विधवेचं शेत बळकावतो, आणि तिसऱ्या रांगेतल्या या आजीकडे बघा.

(दृश्य : आजी. चप्पल हातात घेते. शेजारची तिला खाली बसवते.)

झाडीपट्टीत खलनायकाला एवढं मिळालं की पुरे.

(रंगमंचावरचा मूळ आवाज. एक मिनिट. निवेदन नाही.)

(दृश्य : पहाट. तंबू रिकामा. धुकं. आरसा.)

पावणेपाच. चहाची किटली फिरतेय. मिशी आधी निघते, एका बाजूने, हळू. मग तो तेलाच्या डबीत कापूस बुडवतो, कपाळापर्यंत नेतो, आणि आरशातून आमच्याकडे बघतो.

अट आमच्या लक्षात होती.

(कॅमेरा बंद. काळा पडदा. आवाज चालू : डबीचं झाकण, पाणी, गाडीचं दार.)

(दादाचा आवाज : "मी झोपतो आता. कोणी गाणे लावू नका बे. उमरेड आलं का उठवजा.")